भिंतीवरचा पडदा आणि डोळ्यातला कोन

घरात बसून चित्रपट पाहण्यासाठी किती मोठा पडदा घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर दुकानात इंचांमध्ये मिळते, आणि ते इंच पडद्याच्या रुंदीचे किंवा उंचीचे नसतात, तर कर्णाचे, म्हणजे खालच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या तिरप्या रेषेचे असतात. एका आकड्यात सगळा पडदा सांगता येतो म्हणून हे माप व्यवहारात रुजले. पाहणाऱ्याला मात्र त्यातून फारसे काही कळत नाही, कारण डोळ्याला पडद्याची लांबी जाणवत नाही, जाणवतो तो पडद्याने दृष्टीसमोर व्यापलेला कोन. ५५ इंची पडदा सहा फुटांवरून जेवढा दिसतो, तेवढाच ११० इंची पडदा बारा फुटांवरून दिसतो. म्हणून अंतर ठरवल्यावाचून इंच विचारणे म्हणजे पायाचे माप न घेता चपलेची किंमत विचारण्यासारखे आहे. शिवाय इंचांचा आकडा क्षेत्रफळाचा अंदाजही चुकवतो: ४३ इंचांऐवजी ६५ इंची संच घेतला तर आकडा दीडपट होतो, पण चित्राचे क्षेत्रफळ सव्वादोन पटीहून थोडे अधिक वाढते.

चित्रगृहात हा प्रश्न उलट्या बाजूने सुटलेला असतो. तेथे पडदा ठरलेला असतो आणि प्रेक्षक आपली जागा निवडतो. ज्याला चित्रात बुडून जायचे असते तो पुढे सरकतो, ज्याला सगळे एका नजरेत हवे असते तो मागची रांग धरतो. महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या तंबूतल्या सिनेमाने, म्हणजेच टुरिंग टॉकीजने, ही निवड सर्वांत मोकळी ठेवली होती, कारण जमिनीवर बसलेल्या माणसाला खुर्चीचा क्रमांक नव्हता, आणि उघड्यावर कापड ताणून खेळ दाखवला जाई तेथे उशिरा आलेली माणसे कापडाच्या मागे बसून उलटे चित्रही आवडीने पाहत. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी २०१६ साली पूर्ण केलेल्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात महाराष्ट्रातील या फिरत्या सिनेमाचा उतरता काळ नोंदलेला आहे. घरात मात्र परिस्थिती नेमकी पालटते: दार, खिडकी, सोफा, देवघर आणि जिना यांनी बसण्याची जागा आधीच बांधून टाकलेली असते, प्रेक्षकाला पुढे-मागे सरकायला वाव नसतो, आणि त्यामुळे निवडता येतो तो केवळ पडदा. घरगुती पडद्याचा सारा विचार या एका उलटापालटीतून सुरू होतो, आणि तो भिंतीकडून डोळ्याकडे न करता डोळ्याकडून भिंतीकडे करावा लागतो.

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातील नांदगाव हे या विचारासाठी चांगले उदाहरण आहे. मुंबई–भुसावळ लोहमार्गावरचे हे तालुक्याचे गाव, मनमाड जंक्शन याच तालुक्यात, आणि शेजारच्या मालेगाव तालुक्यात चित्रपटवेडाची स्वतंत्र परंपरा. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी स्थानिक माणसांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ बनवला, तिथल्या अशाच धडपडीवर फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट आला आणि पुढे २०२५ साली ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपटही प्रदर्शित झाला. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली याच जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरचा, आणि १९१३ साली मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केल्यानंतर त्यांनी आपले चित्रपटनिर्मितीचे काम नाशिकला हलवले. या टापूतल्या माणसाला मोठ्या चित्राची ओढ मल्टिप्लेक्सने शिकवलेली नाही. ती त्याआधीची आहे, आणि म्हणूनच घरात ते चित्र आणताना ते नीट आणले जावे याला महत्त्व आहे.

नांदगावसारख्या गावात आज घरांच्या दोन तऱ्हा शेजारी शेजारी दिसतात. एक स्लॅबचे नवे घर, ज्यात पुढचा हॉल साधारण १० बाय १२ किंवा १० बाय १५ फुटांचा असतो. दुसरे खान्देशाच्या सीमेवरच्या या पट्ट्यातले जुने धाब्याचे घर, म्हणजे लाकडी तुळया आणि कड्यांवर मातीचे सपाट छत घातलेले, जाड भिंतींचे घर. धाब्याच्या घराचे माप फुटांत नव्हे, खणांत सांगण्याची रीत होती. खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर, आणि ते तुळईच्या लाकडाच्या लांबीवर ठरत असल्यामुळे खोली हवी तेवढी रुंद करता येत नसे, लांबी वाढवायची तर आणखी एक खण जोडावा लागे आणि मध्ये खांब येई. आधुनिक पडद्याच्या दृष्टीने या खांबाला फार महत्त्व आहे, कारण तो नेमका दृष्टीच्या रेषेत उभा राहतो आणि चार माणसांची बैठक दोन माणसांची करून टाकतो. तीन खणांच्या घरात दोन टोकांमधले अंतर पुरेसे दिसले, तरी खांब चुकवून बसल्यावर प्रत्यक्ष उपयोगी पडणारे अंतर बरेच कमी उरते.

खोलीचे माप आणि पाहण्याचे अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ चुका होतात. बारा फूट खोल हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीला टेकवला तरी बसणाऱ्याचे डोके भिंतीपासून फूटभर किंवा अधिक पुढे येते, समोरचा संच भिंतीच्या काही इंच, आणि शोकेसवर ठेवला असेल तर फूटभर, अलीकडे असतो. म्हणजे हाती उरते ते सुमारे दहा फुटांचे अंतर. तोच संच लांब भिंतीवर लावला आणि सोफा समोरच्या लांब भिंतीला गेला, तर दहा फुटांच्या रुंदीतून जेमतेम आठ फूट उरतात. टेपने मोजायचे ते हे अंतर, डोळ्यापासून काचेपर्यंत, आणि तेही नेहमी बसणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष बसवून.

हे अंतर मिळाले की कोनाचा हिशेब सोपा आहे. चित्रपटक्षेत्रातील अभियंत्यांची अमेरिकेतील संस्था एसएमपीटीई हिच्या शिफारशीतून रूढ झालेला किमान कोन ३० अंशांचा आहे, म्हणजे पडद्याची डावी आणि उजवी कड यांच्याकडे जाणाऱ्या दोन दृष्टिरेषांमध्ये निदान ३० अंश असावेत. चित्रगृहांचा दर्जा ठरवणारी टीएचएक्स ही संस्था घरगुती चित्रगृहासाठी ४० अंशांच्या आसपासचा कोन सुचवते. आजच्या रुंद पडद्यांसाठी याचे व्यवहारी रूप असे होते की अंतर इंचांत मांडून त्याला १.६ ने भागले तर ३० अंशांचा पडदा मिळतो आणि १.२ ने भागले तर ४० अंशांचा. आठ फूट म्हणजे ९६ इंच, त्यामुळे तेथे ६० ते ८० इंचांचा पडदा चित्रपटाला साजेसा ठरतो. दहा फुटांवर हाच पल्ला ७५ ते १०० इंचांचा होतो, आणि सहा फुटांवर ४५ ते ६० इंचांचा. हे आकडे प्रथम ऐकताना अवाजवी वाटतात, पण ते चित्रपटासाठी आहेत हे विसरू नये. बातम्या, मालिका, क्रिकेटचा धावफलक आणि मुलांचे कार्यक्रम यांसाठी २० ते २५ अंश पुरतात, आणि दहा फुटांवरून ते ५० ते ६० इंचांतच भरतात. ज्या घरात वर्षातून चार चित्रपट आणि रोज संध्याकाळी तीन तास मालिका पाहिल्या जातात, त्या घराने ४० अंशांच्या मागे लागू नये.

कोन मोजायला यंत्र लागत नाही. हात समोर पूर्ण ताणून मूठ वळली तर ती डोळ्यासमोर सुमारे १० अंश व्यापते, आणि बोटे फाकून धरलेली वीत सुमारे २० अंश. मोठ्या बांध्याच्या माणसाचा हातही लांब आणि मूठही मोठी असल्यामुळे हे प्रमाण लहानथोरांत फारसे बदलत नाही. म्हणजे नेहमीच्या जागी बसून समोरच्या भिंतीवर दीड वीत मोजली की ३० अंशांचा पडदा कुठून कुठवर येईल ते दिसते, आणि दोन विती मोजल्या की ४० अंशांचा. याच मापाने ‘छोटा पडदा’ आणि ‘मोठा पडदा’ हा मराठीत रुळलेला भेद किती बदलला आहे तेही समजते: ४० फूट रुंद पडदा १०० फुटांवरच्या मागच्या रांगेतून जेमतेम २३ अंश भरतो, तर ७५ इंची संच आठ फुटांवरून जवळजवळ ३८ अंश. डोळ्याच्या हिशेबाने छोटा पडदा केव्हाच मोठा झालेला आहे.

असे असूनही घरातली वडीलधारी माणसे ‘टीव्ही लांबून पाहा’ असे सांगत आली, आणि त्यांचे सांगणे त्यांच्या काळात पूर्ण बरोबर होते. त्याचे कारण चित्राच्या बारकाव्यात आहे. निरोगी डोळा ज्या सर्वांत लहान कोनातले दोन बिंदू वेगळे ओळखू शकतो, तो कोन एका अंशाचा साठावा भाग असतो. पंचांगात ग्रहांची स्थिती अंश, कला आणि विकला यांत देतात, त्यातली एक कला म्हणजे हाच साठावा भाग. चित्र ज्या बारीक चौकटींनी बनते त्या चौकटीला पिक्सेल म्हणतात, आणि एक पिक्सेल एका कलेएवढा किंवा त्याहून लहान दिसत असेल तर चित्र अखंड वाटते, मोठा दिसू लागला तर चित्राचा पोत उसवतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हा भारतातील प्रक्षेपण ६२५ रेषांचे होते, त्यांतल्या सुमारे ५७६ रेषांत प्रत्यक्ष चित्र असे, आणि चारास तीन या प्रमाणाच्या त्या चित्रात आडव्या दिशेला सुमारे ७६८ बिंदूंएवढा तपशील मावे. ७६८ कला म्हणजे तेरा अंशांहून थोडे कमी. २१ इंची जुना संच तेरा अंशांत मावायचा तर प्रेक्षकाला सहा फुटांहून अधिक मागे बसावे लागे, आणि त्याहून जवळ गेल्यास चेहऱ्यांऐवजी रेषा दिसू लागत. १९८७ साली ‘रामायण’ मालिका सुरू झाली तेव्हा गल्लीतल्या एका संचासमोर जी गर्दी जमे, त्या गर्दीतल्या मागच्या माणसाचे चित्राच्या स्वच्छतेच्या बाबतीत खरे तर काही बिघडत नव्हते.

फुल एचडी चित्रात आडव्या दिशेला १९२० पिक्सेल असतात. १९२० ला ६० ने भागले की बरोबर ३२ येतात, म्हणजे हे चित्र ३२ अंशांपर्यंत ताणले तरी डोळ्याला अखंड दिसते, आणि हा आकडा वर सांगितलेल्या ३० अंशांच्या इतका जवळ आहे यात योगायोग नाही. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने उच्च स्पष्टतेच्या दूरचित्रवाणीची आखणी करताना चित्राच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसलेला प्रेक्षकच डोळ्यासमोर ठेवला होता, आणि त्या अंतरावरून १६:९ चा पडदा सुमारे ३३ अंश भरतो. ४के चित्रात ३८४० पिक्सेल असतात, म्हणजे कोनाची मर्यादा ६४ अंशांपर्यंत जाते. यातून खरेदीदाराला उपयोगी पडणारी गोष्ट अशी निघते की दहा फुटांवर ४३ इंची संच लावणाऱ्याला फुल एचडी आणि ४के यांतला तपशिलाचा फरक डोळ्यांनी ओळखताच येणार नाही, कारण तो पडदा १८ अंशच भरतो. ४केचा वाढीव तपशील दिसायचा तर पडदा मोठा तरी हवा किंवा माणूस जवळ तरी हवा. रंग आणि उजेडाची खोली यांत नव्या संचांनी केलेली सुधारणा वेगळी, ती कोणत्याही अंतरावरून दिसते.

पण संचाची स्पष्टता आणि चित्राची स्पष्टता एकच नव्हे. प्रसार भारतीची डीडी फ्री डिश ही विनामूल्य सेवा २००४ पासून ग्रामीण घरांत पोचली, आणि तिच्यावरील बहुतेक वाहिन्या आजही जुन्या स्पष्टतेच्या आहेत. असे चित्र ६५ इंची पडद्यावर आठ फुटांवरून पाहिले तर ते तेरा अंशांऐवजी तेहतीस अंशांवर ताणले जाते, आणि नवा महागडा संच जुन्यापेक्षा वाईट दिसतो अशी तक्रार घरात सुरू होते. दोष संचाचा नसतो. ज्या घरात मुख्यतः अशाच वाहिन्या लागतात तेथे मध्यम पडदा हाच शहाणपणाचा, आणि ज्या घरात फायबरचे इंटरनेट आले आहे तेथेही ४के चित्रासाठी सुमारे १५ एमबीपीएस इतका वेग सलग टिकतो का, हे आधी पाहणे इष्ट.

पडद्याच्या आकारात रुंदी आणि उंची यांचे प्रमाणही येते. मूक चित्रपटांच्या काळापासून ३५ मिलिमीटर फितीवरची चौकट चारास तीनच्या आसपास होती, आणि कोल्हापुरात १९२९ साली स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्यास आलेल्या प्रभातचे ‘संत तुकाराम’सारखे चित्रपट याच जवळजवळ चौरस प्रमाणात घडले. पुढे १९५९ साली ‘कागज के फूल’ने भारतात सिनेमास्कोप आणले, ज्यात रुंदी उंचीच्या सव्वादोन पटीहून अधिक असते. दूरचित्रवाणीसाठी नवे प्रमाण ठरवायची वेळ आली तेव्हा केर्न्स पॉवर्स या अमेरिकी अभियंत्याने या दोन टोकांच्या मधले, गणितात ज्याला गुणोत्तर मध्य म्हणतात तसे, प्रमाण सुचवले, आणि त्यातून आजचे सोळास नऊ आले. तडजोड असल्यामुळे ते कोणालाच पूर्ण बसत नाही: प्रभातचा चित्रपट लावला तर पडद्याच्या रुंदीचा जवळजवळ पाव भाग दोन्ही कडांना काळा राहतो, आणि स्कोपमधला नवा चित्रपट लावला तर उंचीचा पाव भाग वर-खाली काळा राहतो. काळ्या पट्ट्या नकोत म्हणून रिमोटवरून चित्र ताणून पडदा भरून घेण्याची सवय अनेक घरांत आहे. तिने जुन्या चित्रपटांतली माणसे बुटकी आणि जाड दिसतात आणि दिग्दर्शकाने विचारपूर्वक रचलेली चौकट मोडते, म्हणून ती सोडलेली बरी. जुन्या मराठी चित्रपटांचा रसिक असलेल्या माणसाने या गळतीचा हिशेब धरून पडदा एक पायरी मोठा घ्यावा, कारण त्याच्या आवडीचे चित्र मधल्या तीन-चतुर्थांश भागातच उमटणार आहे.

शंभर इंचांच्या पुढे गेले की संचाऐवजी प्रक्षेपक, म्हणजे प्रोजेक्टर, आणि कापडी पडदा यांचा विचार सुरू होतो. ही कला महाराष्ट्राला चित्रपटाच्याही आधीपासून परिचयाची आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास रंगवलेल्या काचपट्ट्या दिव्याच्या उजेडाने पडद्यावर टाकून कथा सांगणारे ‘शांबरिक खरोलिका’ नावाचे खेळ सुरू केले होते. त्या खेळाला लागत होती तीच गोष्ट आजच्या प्रोजेक्टरलाही लागते: काळोख. चित्रगृहातील डिजिटल पडद्याचा प्रमाण उजेड ४८ निट असतो, निट हे दर चौरस मीटरमधून येणाऱ्या उजेडाचे एकक आहे, आणि काळोख्या खोलीत १०० इंची साध्या पांढऱ्या पडद्यावर तो गाठायला सुमारे ४१५ ल्यूमेन, म्हणजे प्रोजेक्टरमधून निघणाऱ्या एकूण उजेडाचे तेवढे एकक, पुरतात, १२० इंचांना सुमारे ६००. बाजारातल्या प्रोजेक्टरवर याच्या कित्येक पट आकडे छापलेले असतात, त्यांपैकी सगळे खरे नसतात, तरी काळोखात अडचण क्वचितच येते. अडचण येते ती उजेडात. दिवे लावलेल्या खोलीत पडद्यावर १०० लक्स प्रकाश पडतो असे धरले, तर पांढऱ्या कापडावरून तोच सुमारे ३० निट होऊन परत येतो, आणि प्रोजेक्टरला काळे काही टाकता येत नसल्यामुळे चित्रातला सर्वांत गडद काळादेखील त्या ३० निटांहून गडद होऊ शकत नाही. मग रात्रीच्या प्रसंगात राखाडी धुक्याखेरीज काही उरत नाही. मोठा पडदा घेतल्याने हे सुधारत नाही, उलट तोच उजेड अधिक क्षेत्रफळावर पसरून बिघडते. नांदगावचा उन्हाळा, पश्चिमेच्या खिडकीतून सायंकाळपर्यंत येणारे ऊन आणि चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंती यांचा विचार केला, तर नव्या घराच्या हॉलपेक्षा जुन्या धाब्याच्या घराचे खिडकी नसलेले, जाड भिंतींचे माजघर हेच प्रोजेक्टरला अधिक योग्य ठरते, आणि आवाजही तेथे बाहेर कमी जातो. कोरड्या हवेतली धूळ प्रोजेक्टरच्या गाळणीत अडकते, ती नियमित झाडावी लागते.

प्रोजेक्टरला अंतराचीही अट असते. ज्याचे प्रक्षेप-गुणोत्तर १.५ आहे, म्हणजे एक फूट रुंद चित्रासाठी ज्याला दीड फूट मागे राहावे लागते, तो १०० इंची पडद्यासाठी सुमारे अकरा फूट मागतो, आणि बारा फुटांच्या हॉलमध्ये त्याला प्रेक्षकाच्या डोक्यामागे, भिंतीलगत टांगण्यावाचून पर्याय राहत नाही. खोली छोटी असेल तर कमी गुणोत्तराचा किंवा भिंतीच्या पायथ्याशी ठेवून वर चित्र टाकणारा प्रकार शोधावा लागतो, आणि तो महाग पडतो.

उंचीच्या बाबतीत मराठी घरांत होणारी चूक फार व्यापक आहे आणि तिची किंमत मानेला मोजावी लागते. संच शोकेसच्या वर, दाराच्या चौकटीच्या रेषेत टांगला जातो, जणू तो तसबिरीसारखा दर्शनाचा विषय आहे. डोळ्याच्या पातळीपासून पडद्याच्या वरच्या कडेकडे जाणारी रेषा १५ अंशांहून वर चढू नये, असा चित्रगृहांच्या आखणीतला एक सुखाचा दंडक आहे. आठ फुटांवरून हा कोन म्हणजे डोळ्याच्या वर सुमारे दोन फूट. सोफ्यावर बसलेल्याचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात, गादीवर मांडी घालून बसलेल्याचे अडीच फुटांवर, त्यामुळे सव्वादोन फूट उंचीचा ५५ इंची संच गादीच्या बैठकीसाठी जमिनीपासून सव्वादोन-अडीच फुटांवरच सुरू व्हायला हवा. पडदा जितका मोठा, तितका तो खाली आणावा लागतो. ज्या घरात काही माणसे सोफ्यावर आणि काही खाली सतरंजीवर बसतात, तेथे खालच्यांची मान धरून उंची ठरवणे न्याय्य, कारण सोफ्यावरच्याला थोडे खाली पाहणे जड जात नाही.

खाली बसणाऱ्यांत बहुधा मुले असतात, आणि ती जवळही बसतात. ६५ इंची पडदा दहा फुटांवरच्या आजीला २७ अंशांचा दिसतो, तोच चार फुटांवर पालथ्या पडलेल्या नातवाला ६० अंशांहून मोठा. जवळून पाहिल्याने डोळे कायमचे बिघडतात ही समजूत जुनी आहे. १९६७ साली अमेरिकेत काही रंगीत संचांतून क्ष-किरण गळत असल्याचे आढळले तेव्हा ती अधिक पक्की झाली. आजच्या पडद्यांतून तसे किरण निघत नाहीत, आणि जवळून पाहिल्याने डोळे थकतात, पण त्यांना कायमची इजा होत नाही, असे नेत्रतज्ज्ञांचे मत आहे. मात्र एखादे मूल वारंवार पडद्याकडे सरकत असेल तर त्याला दूरचे अंधुक दिसत असण्याचा संभव असतो आणि त्याची दृष्टी लवकर तपासून घेणे आवश्यक आहे. मोठा पडदा घेऊन ही खूण झाकली जाऊ नये.

खर्चाच्या बाजूने एक बदल नोंदवण्याजोगा आहे. ३२ इंचांहून मोठ्या संचांवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला, आणि त्यामुळे ३२ इंच ही जी कराने आखलेली सीमारेषा होती ती पुसली गेली. वीज मात्र पडद्याच्या क्षेत्रफळाबरोबर वाढते, म्हणून ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ताऱ्यांची पट्टी पाहताना त्याच मापाच्या दोन संचांची तुलना करावी, आणि इन्व्हर्टरवर तो चालवायचा असेल तर पंख्यांबरोबर त्याचा भार जमेस धरावा.

खरेदीच्या आधी घरात करून पाहण्यासारखी एक साधी गोष्ट आहे. वर्तमानपत्राची पाने एकमेकांना चिकटवून अपेक्षित पडद्याच्या मापाचा कागद तयार करावा. ५५ इंचांसाठी तो १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६८ सेंटिमीटर उंच होतो, ६५ इंचांसाठी १४४ बाय ८१, आणि ७५ इंचांसाठी १६६ बाय ९३. हा कागद योग्य उंचीवर चार-आठ दिवस लावून ठेवला की खांब कोठे आडवा येतो, दार उघडल्यावर कोणती कड झाकली जाते, सायंकाळचे ऊन कोणत्या कोपऱ्यावर पडते आणि देवघराच्या दिव्याचे प्रतिबिंब कोठे उमटेल, हे सारे घरातल्या प्रत्येकाला आपापल्या जागेवरून दिसते. त्याच वेळी भिंतही ठोकून पाहावी, कारण मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीत खिळ्याचा बोळा पकड घेत नाही आणि ७५ इंची संचाचे वजन तीस किलोच्या आसपास भरते. अशा घरात संच भक्कम टेबलावर ठेवणेच सुरक्षित. कागद उतरवण्यापूर्वी गल्लीचे तोंड, दाराची चौकट आणि जिन्याचे वळण यांचीही मापे घ्यावीत, कारण एवढ्या संचाचे खोके सुमारे सहा फूट लांब असते आणि काच तडकू नये म्हणून ते आडवे न पाडता उभेच न्यावे लागते.